तळमजल्याचा हिस्सा

दिगंबररावांना या उद्योगातून दोन लाख रुपये मिळवायचे होते, आणि ते दोन लाख माझे होते. म्हणजे माझ्या खिशातून न जाणारे. मला स्वतःला काही मिळायचे नव्हते; फक्त द्यायचे नव्हते. सहकारी बँकेच्या तपासणी खात्यात उभी हयात काढल्यावर माणसाला एवढे कळते, की न दिलेला पैसा हीच सर्वांत सुरक्षित मिळकत. तिच्यावर प्राप्तिकरसुद्धा बसत नाही.

आमची सोसायटी विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून जरा आत. तळाला गाड्या आणि एक सदनिका, वर तीन मजले, दर मजल्यावर दोन बिऱ्हाडे. इमारत बांधली तेव्हा सगळे सभासद तरुण होते आणि लिफ्ट ही श्रीमंतांची खोड समजली जायची. पुढे सभासदांचे गुडघे एकेक करून निवृत्त झाले, जिना मात्र सेवेत राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या हेमावहिनींचे, म्हणजे दिगंबररावांच्या पत्नीचे, दोन्ही गुडघे एकदमच गेले. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. तेव्हापासून वहिनींचा खालच्या जगाशी संबंध दोनच मार्गांनी उरला: एक, खिडकीतून सोडलेली दोरीची पिशवी, आणि दुसरा, माझी पत्नी कुसुम.

"भावोजी, पिशवी सोडते हो!" वरून आवाज यायचा. "कोथिंबीर वर ठेवा, बटाट्याखाली नको. काल चटणी होऊन आली."

लिफ्टचा खर्च चौदा लाख, सदनिका सात. भागाकार कोणालाही जमेल. पण त्या सातातली तळमजल्यावरची एकुलती एक सदनिका माझी. शिवाय खजिनदारही मीच, त्यामुळे दुसऱ्याच्या पैशाबद्दल बोलण्याचा अधिकार मला आणि माझ्या पैशाबद्दल बोलण्याचा अधिकारही मलाच. सभेत मी शांतपणे मुद्दा मांडला. "लिफ्ट वर जाते. मी वर जात नाही."

"का, गच्चीवर पापड वाळत घालता की!" पहिल्या मजल्यावरचा साईनाथ म्हणाला. त्याचे बुधवार पेठेत माईक आणि स्पीकरचे दुकान आहे, त्यामुळे त्याचा साधा विचारही मोठ्याने बाहेर पडतो.

"पापड कुसुम घालते. मी खातो, ते तळमजल्यावर."

मग दिगंबरराव उभे राहिले. सहकार खात्यातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियमांचे पुस्तक, त्यांना तोंडपाठ. नियम माझ्या बाजूने नसावा असा मला संशय होता. म्हणूनच मी तो कधी वाचला नव्हता.

"नियम काय आहे ते मी सांगू शकतो," ते म्हणाले, "पण शेजाऱ्याला नियम दाखवून पैसे काढायचे, हे काही मला जमणार नाही. यज्ञेश्वरराव, तुमचा हिस्सा मी कमावीन. दसऱ्याला हेमा आपल्या पायांनी खाली येऊन सोनं वाटेल."

असा उदार माणूस समोर असला की आपली पंचाईत होते. नाही म्हणावे तर हलकट दिसतो, हो म्हणावे तर आणखी. मी "बघू" म्हणालो. ते इतिवृत्तात नोंदवले.

कमावणार कसे? तर व्हिडिओ करून. ही कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या केदारची. तो आयटीत आहे आणि घरी बसून कोणत्या तरी दुसऱ्या देशाचे काम करतो. "काका, तुमच्याकडे content आहे," तो म्हणाला. "सोसायटीचे rules हा pain point आहे. लोक बघतील. हजार subscriber झाले आणि वर्षात चार हजार तास बघून झालं, की कंपनी तुमच्या व्हिडिओवर जाहिराती लावते आणि त्यातला वाटा तुम्हाला देते. Simple."

जे काम दुसऱ्याने करायचे असते ते सिंपलच असते.

साईनाथने घरच्या भावात माईक दिला. घरचा भाव म्हणजे दुकानातला भाव, फक्त पिशवी फुकट. केदारने व्हिडिओच्या तोंडावर लावायचा फोटो काढला. "काका, तोंड उघडं ठेवा, डोळे मोठे करा. माणूस हादरलेला दिसला की लोक क्लिक करतात." दिगंबररावांनी प्रयत्न केला. फोटोत ते दाढ काढून आल्यासारखे दिसत होते आणि खाली लाल अक्षरांत लिहिले होते, 'तळमजल्याने लिफ्टचा खर्च द्यावा का? सत्य ऐकून हादराल!' पहिलाच विषय हा. कोणाला उद्देशून होता हे सांगण्याची गरज नव्हती. तरी साईनाथने तो सोसायटीच्या ग्रुपवर माझे नाव जोडून टाकला.

मी तो व्हिडिओ ऐकायला बसलो. दिगंबररावांचा आवाज कसा, हे इथे सांगितले पाहिजे. उंच नाही, खोल नाही. दुपारी जेवणानंतर शेजारच्या खोलीत पंखा फिरत असावा तसा. प्रत्येक कलम ते आधी वाचत, मग त्याचा अर्थ सांगत, मग अर्थ समजला नसेल म्हणून कलम पुन्हा वाचत. 'सभासद म्हणजे कोण' इथपर्यंत मी आलो. नंतर कुसुमने मला उठवले तेव्हा चहा गार झाला होता.

"शेवट ऐकलात का?" तिने विचारले.

"ऐकला."

"काय सांगितलंय?"

"गुंतागुंतीचं आहे," मी म्हणालो.

सभासद जमवायचे, म्हणजे चॅनेलचे सभासद, हे काम हेमावहिनींनी अंगावर घेतले. संक्रांत आली होती. वहिनींना खाली जाता येत नाही म्हणून त्यांनी आळीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला वर बोलावले. कुंकू लावायचे, तिळगूळ द्यायचा, मग "जरा फोन बघू हं तुमचा" म्हणून फोन घ्यायचा, चॅनेल उघडून बटण दाबायचे आणि त्यानंतरच वाण हातात ठेवायचे. वाण स्टीलच्या गाळणीचे होते. एक बाई बटण न दाबता निघाल्या, त्यांना वहिनींनी हाक मारून जिन्यातून परत बोलावले. रथसप्तमीपर्यंत बऱ्याच गाळण्या संपल्या आणि चॅनेलचे साठ-सत्तर सभासद झाले. या वेगाने हजार सभासद म्हणजे किती संक्रांती, आणि दर संक्रांतीला गाळण्यांचा खर्च किती, याचा मी कच्चा हिशेब केला. दिगंबररावांना दाखवला नाही. त्यांना बीपी आहे.

पण मग काहीतरी विचित्र घडू लागले. सभासद आपोआप वाढायला लागले. नाशिकहून, सोलापूरहून, अमेरिकेतूनसुद्धा. केदार लॅपटॉप घेऊन धावत वर गेला. मीही गेलो, म्हणजे कुसुमला पाठवले आणि फोनवरून ऐकत राहिलो.

"काका, unbelievable आहे हे! लोक दीड तासाचा व्हिडिओ पूर्ण चालवतात. कोणीच मध्ये बंद करत नाही! आणि सगळे रात्री बघतात."

दिगंबरराव म्हणाले, "दिवसभर कामधंदा करून रात्री सहकाराचा अभ्यास करतात. महाराष्ट्र अजून जागा आहे म्हणायचं."

महाराष्ट्र जागा नव्हता. ते पहिल्या प्रतिक्रियेवरून कळले. कोणा चैतालीने लिहिले होते, 'काका, तुमचे उपकार कसे फेडू? गोळ्या घेऊनही झोप येत नव्हती. आता उपविधी क्रमांक चारच्या पुढे काय आहे ते मला माहीतच नाही.' खाली शेकडो अंगठे. दुसऱ्याने लिहिले होते, 'आमचं बाळ फक्त यांच्या थकबाकी वसुलीवर झोपतं.' लोक व्हिडिओ लावत, झोपत, आणि व्हिडिओ बिचारा सकाळपर्यंत एकटाच स्वतःला ऐकवत बसे. तास भरत होते.

दिगंबररावांनी दोन दिवस माईकला हात लावला नाही. जन्मभर ज्याने फायली जागवल्या त्याला ही पावती! शेवटी हेमावहिनीच म्हणाल्या, "अहो, मी एवढी वर्षं फुकट झोपतेय. त्यांच्या झोपेचे निदान पैसे येतील." यावर ते हसले, असे कुसुम सांगते. मग त्यांनी 'शेअर हस्तांतरण: भाग एक ते सहा' करायला घेतले.

हजार झाले, चार हजार तासही झाले. आता कंपनीला पत्त्याची खात्री हवी होती. त्यासाठी ती टपालाने एक पत्र पाठवते, त्यात आकडे असतात, ते आपण परत कळवायचे. इमारतीचे सगळे टपाल माझ्याकडे येते, कारण पोस्टमनलाही गुडघे आहेत. परदेशी पत्र पाहून मी ते रीतसर उघडले, कार्यकारिणीपुढे ठेवायचे म्हणून आवक रजिस्टरला नोंद केली आणि 'आवक' असा गोल शिक्का मारला. शिक्का नेमका आकड्यांवर बसला.

"यज्ञेश्वरराव, हा तीन आहे की आठ?" दिगंबररावांनी वरून विचारले.

माझे म्हणणे आजही तेच आहे, की शिक्का उजव्या कोपऱ्यात मारायचा असतो आणि मी तो तिथेच मारला. आकडे भलत्या जागी छापले असतील तर तो प्रश्न छापणाऱ्याचा. दुसरे पत्र यायला महिना गेला. तोवर लोक फुकट झोपले.

मग जाहिराती सुरू झाल्या. केदारने सांगितले, नुसत्या सुरुवातीला नकोत, दर आठ मिनिटांनी मध्येही टाका, त्यात जास्त पैसे. पहिल्या आठवड्यात जमा दिसली. दिगंबररावांनी पेढे वाटले. माझ्यासाठी पिशवीतून खाली सोडले. दुसऱ्या आठवड्यात शिव्या आल्या.

'काका, बरोबर डोळा लागला आणि एक बाई किंचाळली, सांडलेल्या तेलाची चिंता सोडा!' 'बाळ उठलं. आता तुम्ही या झोपवायला.' 'विश्वास होता तुमच्यावर.' चैताली म्हणाली, 'शेवटी तुम्हीही पैशाच्या मागे लागलात.'

यातला पेच तपासनिसाच्या नजरेने पाहिला तर फार सुंदर होता. माणूस झोपतो म्हणून तास भरतात, तास भरतात म्हणून जाहिरात मिळते, जाहिरात वाजते म्हणून माणूस उठतो, आणि उठलेला माणूस निघून जातो. जाहिरात शेवटी टाकावी तर ती बघायला कोणी जागे नाही. सुरुवातीलाच एक ठेवली, तर माणसे टिकत होती आणि पैसे थेंबाथेंबाने येत होते. दिगंबररावांनी प्रामाणिकपणे तेच केले. "झोपलेल्याला उठवून पैसे घ्यायचे नाहीत," म्हणाले. या वेगाने दसरा गाठायचा तर तो कोणत्या सालातला, हे मी काढून पाहिले आणि कागद फाडून टाकला.

पितृपक्षाच्या तोंडावर कुसुमने जेवताना सांगितले, "हेमा खिडकीत बसून खाली बघत असते. आज म्हणाली, रिक्षांचे रंग बदललेत का गं?"

मी काही निर्दय माणूस नाही. देणे हा उपाय सोडून दुसरा कोणताही उपाय असेल तर मी मदतीला तयार असतो. मी सभा बोलावली, दिगंबररावांना न सांगता. केदार बेंगळुरूला गेला होता. मी म्हणालो, "आपल्यात कोणाचं कार्य निघालं की आपण काय करतो? आहेर. घेणाऱ्याला आधी सांगतो का? नाही. दिगंबररावांच्या व्हिडिओच्या सुरुवातीला जाहिरात असते. ती नुसती दिसली तर पै-पैसा; ती दाबली, आत जाऊन नाव-नंबर लिहिला, तर जास्त. प्रत्येक घराने सकाळच्या चहाबरोबर आहेर करावा. पैसा त्यांना, खर्च कोणाचाच नाही."

"जाहिरातवाल्याचा होतो ना," साईनाथ म्हणाला.

"तो आपल्या सोसायटीचा सभासद नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. पाळ्या मी लावल्या. व्हिडिओ लिफ्टच्या खर्चाचा, त्यामुळे जाहिरातही बहुतेक वेळा एकाच लिफ्ट कंपनीची यायची. आम्ही श्रद्धेने दाबत राहिलो. पितृपक्षातही खंड पडू दिला नाही. आहेराला चालत नाही म्हणतात, पण फोनला कुठे कळते? साईनाथच्या आईंचे बोट फोन ओळखत नव्हता, त्या पळीचा दांडा वापरत. दर फोनवरून, दर सकाळी, एकाच इमारतीतून. जमा अशी उडाली की वर दिगंबररावांनी चष्मा पुसला.

"यज्ञेश्वरराव," ते जिन्याच्या कठड्यावरून ओरडले, "लोक जागे झाले!"

मी नम्रपणे हात हलवला. आहेराचा उच्चार करत नाहीत.

केदार परत आला, त्याने ऐकले आणि तो मटकन पायरीवर बसला. "काका, हे allowed नाही. ओळखीच्यांनी मुद्दाम जाहिराती दाबल्या तर ती फसवणूक धरतात. Machine लगेच पकडतं."

"आपापसातली मदत ही फसवणूक? मग सहकार म्हणजे काय?"

याचे उत्तर कंपनीने दिले. दोन दिवसांनी दिगंबरराव कागद घेऊन खाली आले, आणि सगळे आमच्या ओट्यावर जमले. त्यांनी ते पत्र वाचून दाखवले. कलम वाचले, अर्थ सांगितला, कलम पुन्हा वाचले. जाहिराती बंद, साठलेले पैसे रोखले, ते ज्याच्या जाहिराती दाबल्या त्याला परत. हे सगळे मला कुसुमने नंतर सांगितले. 'अवैध' या शब्दापाशी माझा डोळा लागला होता. मी काही मुद्दाम झोपलो नाही. तो आवाजच तसा आहे.

पण शेवटचे वाक्य मी ऐकले, कारण ते त्यांनी कागदावरून वाचले नाही. "नोकरीत मी खोट्या सह्या पकडल्या," ते म्हणाले. "खोट्या कामात माझं नाव कधी आलं नव्हतं." कोणावर आवाज चढवला नाही. कागदाची घडी घातली आणि कठड्याला धरून तीन मजले चढून गेले. त्या दिवशी पिशवी खाली आली नाही.

लिफ्ट कंपनीचा माणूस मात्र आला. ऋषी नावाचा, टाय लावलेला, घामाघूम. एवढीशी इमारत आणि तिच्यातून चौकशांचा पाऊस. त्याच्या साहेबांनी त्याला इतर कामे टाकून पाठवले होते. त्याच्या यादीत साईनाथच्या आईंचे नाव सोळा वेळा होते. "आजींना फारच गरज दिसते," तो म्हणाला. त्याने मापे घेतली, भाव सांगितला: तेच चौदा लाख, दसऱ्याआधी आगाऊ रक्कम दिली तर. त्यानंतर भाव वाढणार.

सहा घरांचे धनादेश तयार होते. सातव्याच्या जागी सगळे आमच्या छताकडे पाहायला लागले. छताला पाहण्यासारखे काही नाही. जुनी ओल आहे.

"हे बघा," मी म्हणालो, "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. लिफ्ट वर जाते. मी..."

कुसुम चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. कपांच्या मध्ये एक धनादेश होता. तिच्या खात्याचा, तिच्या सहीचा, दोन लाखांचा.

"हे काय?" मी विचारले.

"तुम्ही वर जात नाही, ते खरंच आहे," ती म्हणाली. "मी जाते. सकाळी तिची भाजी, दुपारी डबा, संध्याकाळी गोळ्या, आणि वर तुमचे पापड. तुम्ही राहता तळमजल्यावर. माझे गुडघे नाही राहात."

ऋषीने चहा घ्यावा की नाही, याचा विचार केला आणि घेतला.

"अगं पण हे पैसे..."

"ठेव मोडली."

"मुदतीआधी? व्याज बुडालं असेल! दंड बसला असेल!"

"बसला. तो तुमच्या नावावर लिहा."

दिगंबररावांना खाली बोलावले. धनादेश पाहून ते म्हणाले, "वहिनी, हा हिस्सा मी कमवायचा होता. मी शब्द दिला होता." कुसुम म्हणाली, "शब्द यांना दिला होता, भावोजी. मला कोणी विचारलंच नव्हतं." मग त्यांनी फक्त पावती नीट लिहिली जातेय ना, तेवढे माझ्या खांद्यावरून पाहिले. जुनी सवय.

दसरा चुकला. लिफ्ट उभी राहायला आणि तिचे परवाने यायला पौष उजाडला. संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे होते. लिफ्टचे दार उघडले आणि हेमावहिनी काठी टेकत बाहेर आल्या. आधी त्यांनी रस्त्यावरच्या रिक्षा पाहिल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावोजी, इतक्या वर्षांनी तुमचा चेहरा समोरून बघतेय. वरून टक्कलच दिसायचं."

तर आता ताळेबंद. लिफ्ट कंपनीला जाहिरातीचे पैसे परत मिळाले आणि लिफ्टही खपली. सर्वांत नफ्यात ती. साईनाथचा माईक विकला गेला. दिगंबररावांची मिळकत शून्य, वर गाळण्यांचा खर्च. पण चॅनेलवर जाहिराती नसल्यामुळे झोपणारे पुन्हा परतले, पूर्वीपेक्षा दुपटीने, आणि चैतालीने त्यांची माफी मागितली. ते रोज एक कलम वाचतात. आता झोपल्याबद्दल ते कोणावर रागावत नाहीत. दोन लाख कुसुमने भरले. मोडलेल्या ठेवीचा दंड मी भरला. बुडालेल्या व्याजाबद्दल आमची बोलणी चालू आहेत.

आणि तो पहिला व्हिडिओ, तळमजल्याने खर्च द्यावा का, त्याचा शेवट मी आजवर ऐकू शकलेलो नाही. पण गेल्या महिन्यात लिफ्टच्या देखभालीचा पहिला खर्च आला. खजिनदार म्हणून वाटणी मलाच करायची होती, म्हणून नियम कुसुमला विचारला. तिला तो पाठ होता. खर्च सातही घरांना सारखा लागला, आणि तळमजल्याची पावती मी माझ्याच हाताने माझ्याच नावे फाडली.